चेकराइडच्या तोंडी परीक्षेला जाताना

वैमानिक परवान्याची स्किल टेस्ट, म्हणजेच चेकराइड, जवळ आली म्हणून वाशीच्या खोलीत व्याख्या घोकत बसली आहेस, ते आधी थांबव. परीक्षक व्याख्येवर थांबतच नाही. कार्ब्युरेटर आयसिंग (इंजिनासाठी हवा-इंधन मिसळणाऱ्या भागात बर्फ साचणं) सांगितलंस की लगेच विचारेल, 'बाहेर 25 अंश आहे, मग बर्फ कसा?' इथेच भलेभले गडबडतात. इंधनाची वाफ होताना आणि व्हेंच्युरीत (कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात) दाब उतरताना तापमान झपकन पडतं, त्यात पावसाळ्यातली दमट हवा. सेसना 152 या प्रशिक्षण विमानावर पहिली खूण म्हणजे आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) हळूहळू उतरणं. कार्ब हीटचा, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा, नॉब ओढलास की आरपीएम आणखी घसरेल, इंजिन खडखडेलही. घाबरून नॉब परत आत ढकलायचा नाही. बर्फ वितळला की आरपीएम वर येतो. हा क्रम तोंडात बसू दे.

डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणामुळे विमानाला जाणवणारी उंची) आपल्या मे महिन्यावरच काढ: समुद्रसपाटीला 35 अंश, तिथल्या प्रमाण तापमानापेक्षा (15 अंश) 20 जास्त, अंशाला साधारण 120 फूट, म्हणजे 2400 फूट. मग टेकऑफला धावपट्टी किती लागेल, ते तक्त्यातून बघ.

येत नसेल तिथे ठोकून देऊ नकोस. 'मॅन्युअलमध्ये बघून सांगते' म्हण आणि नेमकं पान उघड. तेही परीक्षक तपासत असतोच.