गावाकडच्या शंभर वर्षांच्या वाड्याला आतून जुन्या थाटात कसं सजवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दर्यापूरकडे पणजोबांचा वाडा, मातीच्या जाडजूड भिंती, सागवानी खांब, मे महिन्यात धाकट्या बहिणीचं लग्न तिथूनच करायचं आहे, हाताशी चारेक लाख आहेत. डेकोरेटरने पीओपीचं सिलिंग, चकचकीत टाइल्स, सोनेरी वॉलपेपर आणि छतात बावीस दिवे असा 'रॉयल लूक' सांगितला आहे. करावं का?

नका करू. मीही पूर्णेच्या खोऱ्यातलीच. अशाच एका वाड्यात सून म्हणून येऊन मला तेवीस वर्षं झाली. त्यातली पहिली दहा आम्ही बरंचसं हेच करण्यात घालवली आणि पुढची दहा ते काढण्यात.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. म्हणून भिंती जाड, खिडक्या लहान, आणि अकरा वाजले की दारं लोटून घ्यायची रीत. म्हणजे हे घर बांधलंय तेच सावलीसाठी, अंधारासाठी म्हणा. जुन्या लोकांनी आत जे जे ठेवलं ते त्या अंधाराला धरून ठेवलं: पितळ, तांबं, छताला टांगायच्या दिव्यांच्या काचेच्या हंड्या, तेल पाजलेलं लाकूड, पांढरा चुना. थोडासा उजेड मिळाला की उजळणाऱ्या या वस्तू. आम्ही बैठकीत पांढरेशुभ्र आठ दिवे लावले तेव्हा त्याच बैठकीतले कोरीव खांब प्लायवूडचे वाटायला लागले. एके दिवशी भर दुपारी लाइट गेली. मी पाणी प्यायला उठले, तर वरच्या झरोक्यातून आलेला कवडसा कोपऱ्यातल्या घंगाळावर पडलेला. आदल्याच दिवशी चिंचेनं घासलं होतं. सगळ्या खोलीला तांबूस रंग चढला होता. छतावरचं कोरीवकाम मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं, लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर!

म्हणून छतात दिवे नकोतच. दिवे खाली उतरवा: कोनाड्यात, देवळीत, खांबाच्या पायाशी, दिसेल न दिसेल असे. बल्ब घेताना खोक्यावर २७०० केल्विन लिहिलेलं पाहून घ्या, तो पिवळसर असतो. ६५०० वाला घरात आणूच नका, तो दवाखान्यात शोभतो. वायरिंग मात्र सगळं नवं करा, अर्थिंगसकट. जुन्या वाड्यांत कापडी आवरणाच्या वायरी अजून निघतात. वायरीसाठी मातीची भिंत खोदू देऊ नका, लाकडी पट्टीवरून वरच्यावर न्या. जुन्या घराला तीच शोभते.

पीओपीच्या सिलिंगबद्दल एकच सांगते. कडीपाट, म्हणजे तुळया-फळ्यांचं जुनं छत, झाकला की उधळी (वाळवी) दिसत नाही. तुळईचं टोक जिथे भिंतीत शिरतं तिथेच ती आधी लागते, मातीची बारीक नळी वर चढताना दिसते. दिसली तर इलाज होतो. आमच्या शेजारच्यांना कळलं तेव्हा सिलिंगसकट पाट खाली आला होता.

आता भिंती, आणि पैसा खरा इथेच घाला. आम्ही बैठकीला सिमेंटची छपाई करून वर प्लॅस्टिक पेंट दिला होता. दोन पावसाळे गेले आणि खालचा हातभर पट्टा फुगला. बोट लावलं की पापुद्रा निघायचा, आत पांढरी बुरशीसारखी पूड. तो लोणा. आपला भाग खारपाणपट्ट्यातला, म्हणजे विहिरींचं पाणी खारं. गवंड्याने छपाईचा माल आमच्याच विहिरीच्या पाण्यात कालवला होता, आणि कोणी हूं की चूं केलं नाही. भिंतीतली ओल बाहेर यायला सिमेंटमधून वाट नव्हती, त्यात पाण्यातलं मीठ. नंतर एक म्हातारे मिस्त्री आले. खिळ्यानं भिंत टोकरून म्हणाले, "बाई, माती फुगते, आकसते. सिमिट तसं करत नाही. मंग थे सुटनच." सगळं खरवडलं, आतली माती मोकळी केली, एक उन्हाळा तशीच वाळायला ठेवली आणि मग चुना-रेतीची छपाई केली.

तुमच्या भिंती अजून मातीच्या किंवा चुन्याच्या असतील तर नशीबवान आहात. नुसती चुन्याची सफेदी पुरे. कळीचा चुना आणून लोखंडी ड्रममध्ये विरवा. पाण्यात पडला की खळखळ उकळतो, म्हणून पोरांना लांब ठेवा आणि स्वतः डोळ्यांना चष्मा लावा. पाण्याखाली पंधरा दिवस तरी राहू द्या, मग फडक्यातून गाळून त्यात भिजवलेला डिंक आणि चिमूटभर नीळ घाला. भिंत आधी ओली करायची आणि दुधासारखे पातळ तीन हात द्यायचे. पहिल्या हाताला काहीच दिसत नाही, म्हणून लोक घट्ट करतात. मग त्याचे पोपडे निघतात. तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे हे माघातच उरका. चुना नुसता सुकून चालत नाही, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू दगडासारखा होतो आणि तोवर त्याला थोडी ओल लागते. एप्रिलच्या उन्हात तो तासाभरात कोरडा पडतो आणि हाताला लागत राहतो. आधीचा ऑइलपेंट असेल तर तो पूर्ण काढल्याशिवाय चुना धरणार नाही. पाणी गोडं वापरा, टँकर बोलवावा लागला तरी.

रंगाची हौस असेल तर खाली कंबरेएवढा गेरूचा पट्टा आणि त्यावर काव-चुन्याची एक बारीक रेघ. बाकी पांढरं. वॉलपेपर मातीच्या भिंतीवर एक पावसाळा काढणार नाही.

लाकडावर आमच्याकडे चार थर निघाले: वरून चॉकलेटी, त्याखाली पिस्ता, मग निळा, मग काहीतरी काळपट चिकट. दाराच्या चौकटीवर कमळ कोरलंय हे सासूबाईंनाही ठाऊक नव्हतं. रंगात बुजून ते नुसतं टेंगूळ झालं होतं. काढताना घाई नको. ब्लो लॅम्पने जाळू देऊ नका, जुन्या रंगांत शिसं असतं, त्याचा धूर वाईट, आणि सुकं सागवान पेटायलाही वेळ लागत नाही. कॉस्टिकनं लाकूड काळं पडतं. रंग मऊ करायचं रिमूव्हर लावून, कोरीवकामात बांबूची काडी वापरून, ओलं ओलंच खरवडायचं. कोरडं घासून धूळ करायची नाही. घरात लहान मूल असेल तर तेवढे दिवस त्याला मामाकडे धाडा. मग जवसाचं तेल. पहिल्या हाताला निम्मं टर्पेंटाइन घाला, नंतर नुसतं तेल, कापडानं चोळून, वर राहिलेलं पुसून. पॉलिशवाला मेलामाइनची चकाकी देतो म्हणेल, नाही म्हणा. आणि ती तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेटतात. पाण्यात बुडवा नाहीतर एकेक पसरून वाळत घाला.

फरशी शहाबादी असेल किंवा नक्षीची सिमेंट टाइल असेल तर ती सोन्याहून मोलाची समजा. धुवायला ॲसिड वापरू देऊ नका, दोन्हींना खातं. साबण, काथ्याचा ब्रश आणि गुडघे, एवढंच लागतं. चकचकीत टाइल्स घातल्या की खालची ओल भिंतीकडे वळते, आणि मग भिंतीला लोणा कसा लागतो ते वर सांगितलंच.

सामान विकत घेण्याआधी माळा आणि धान्याची कोठी उपसा. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांकडे गेलं, आणि १८६१ ते ६५ च्या अमेरिकेतल्या युद्धात तिकडचा कापूस अडल्यावर आपल्या कापसाला जो भाव आला, त्या पैशाची चव गावोगावच्या घरांना लागली. विलायती काचेच्या हंड्या, मोठाले आरसे, वेताच्या बैठकीच्या खुर्च्या इथवर आल्या त्या या कापसाच्या पैशातून. आमच्याकडे एका हंडीत बियाणं भरून ठेवलेलं होतं! रविवर्म्याच्या छापखान्यातली चित्रं सापडली तर लॅमिनेशन करू नका. चौकटीमागे बुचाचे चार तुकडे लावून भिंतीपासून बोटभर लांब टांगा, म्हणजे ओल लागणार नाही.

बंगई, म्हणजे कड्यांना टांगलेला झोपाळा, आहे का? प्रश्नात लिहिलं नाही तुम्ही. असेल तर बैठकीत तीच एक मोठी वस्तू राहू द्या, सोफा बाहेर काढा. फक्त आधी कड्या जिथे अडकवल्यात ती तुळई सुताराकडून ठोकून घ्या, लग्नात तिच्यावर एकदम सहा जण बसतात. पडद्याला जाडं खादीचं कापड पुरेसं आहे. हौस असेल तर एका दारापुरता भंडाऱ्याकडचा कोसा घ्या. पितळी गुंड, परात, समया घरातल्याच मांडा, सगळ्या नाही. प्रत्येक कोनाड्यात काहीतरी कोंबलं की दुकान वाटतं. आमच्या माजघरात पाच कोनाडे आहेत, तीन रिकामे ठेवलेत, आणि येणारा हमखास विचारतो की इथे काय ठेवणार आहात.

लग्नात मंडपवाल्याला एकही खिळा खांबाला ठोकू देऊ नका, सुतळीनं बांधायला लावा, आणि स्वतः उभं राहा. हळद घरात असेल तर दुपारी ठेवा, कवडसे पडतात तेव्हा. फोटोवाला कुरकुरेल, कुरकुरू द्या. आणि चुन्याचं काम उशिरा झालं तर पाहुण्यांना भिंतीला टेकू देऊ नका. आमच्या नणंदेच्या लग्नात नवरदेवाचे मामा काळा कोट घालून दोन तास टेकून बसले होते. उठले तेव्हा पाठीवर आमची अर्धी भिंत होती.