सिबिलमध्ये जुनं 'सेटल्ड' खातं असेल तर बँकेतली नोकरी मिळते का?

तुम्ही विचारलंय की २०२१ मध्ये क्रेडिट कार्ड थकलं, मग सेटलमेंट केली आणि आता आयबीपीएसमधून (सरकारी बँकांसाठी भरती परीक्षा घेणारी संस्था) क्लार्कची परीक्षा देताय, तर निवड होऊनही सिबिलमुळे, म्हणजे कर्ज आणि कार्डाच्या परतफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या रिपोर्टमुळे, नोकरी जाईल का. जाऊ शकते. पण रुजू व्हायच्या आधी हे दुरुस्त करता येतं. मी स्वतः यातून गेलोय.

लॉकडाऊनमध्ये पुण्यातली माझी नोकरी गेली तेव्हा कार्डावर ४१ हजार होते. रिकव्हरीवाला फोनवर म्हणाला, १८ हजार भरा, विषय मिटला. वडिलांकडून घेऊन भरले. विषय मिटला नव्हता. रिपोर्टमध्ये त्या खात्यापुढे 'क्लोज्ड' नाही, 'सेटल्ड' लागलं. म्हणजे बँकेने बाकीचे पैसे सोडून दिले आणि तशी नोंद करून ठेवली. हे मला कळलं ते निवड झाल्यावर, कागदपत्रं तपासायला बसलेल्या साहेबांकडून. मग उरलेली रक्कम भरली, त्या बँकेकडून एनओसी (काही बाकी नाही असं पत्र) घेतली, स्टेटस बदलून घेतलं. यात दोन महिने गेले आणि त्या दोन महिन्यांत आई रोज विचारायची, ऑर्डर कधी येणार. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून सांगतो, हे काम निकालाची वाट न बघता आत्ताच सुरू करा.

जाहिरातीतलं सिबिलचं कलम शब्दन्शब्द वाचा, कारण सगळीकडे ते सारखं नसतं. आयबीपीएसच्या जाहिरातीत रुजू होताना क्रेडिट हिस्टरी चांगली हवी असं असतं, आणि रिपोर्टमध्ये वाईट नोंद असेल तर ती अपडेट करून घ्या किंवा त्या खात्यावर काही बाकी नाही अशी एनओसी आणा, एवढी वाट ठेवलेली असते. स्टेट बँकेचं कलम २०२० मध्ये जास्त कडक होतं. त्या वर्षीच्या सर्कल बेस्ड ऑफिसर (ठरावीक विभागासाठी नेमायचे अधिकारी) भरतीत निवडलेल्या एका उमेदवाराची नेमणूक त्यावरून रद्द झाली. कर्ज फेडलंय, असं त्याचं म्हणणं होतं. पण कलमात थकबाकीची नोंदच नको असं होतं, आणि लोकांचा पैसा सांभाळणाऱ्याला आर्थिक शिस्त हवी, असं म्हणून मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये बँकेचा निर्णय कायम ठेवला.

मला हे मनापासून खटकतं. आजारपणात किंवा नोकरी गेल्यावर हप्ता चुकलेला माणूस आणि पैसे असून बुडवणारा, दोघांची नोंद रिपोर्टमध्ये बहुतेक वेळा सारखीच दिसते. कारण लिहायला तिथे जागा नसते. म्हणून नोकरी गेल्याचं पत्र, दवाखान्याची बिलं, भरल्याच्या पावत्या असं सगळं एका फाइलमध्ये ठेवा, आणि विचारलं तर लपवू नका. खोटं सांगितलेलं पकडलं गेलं तर मग थकबाकीपेक्षा मोठा प्रश्न उभा राहतो.

अशा नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, चारही काढा, कारण एकीकडे सुधारलेली नोंद दुसरीकडे तशीच राहिलेली असते. चूक दिसली तर ऑनलाइन तक्रार करा. ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला तुम्हाला १०० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

आणि कुणाला जामीन राहिला असाल तर तेही बघा. माझ्या मावसभावाने मित्राच्या गाडीच्या कर्जावर सही केली होती, मित्राचे हप्ते थकले आणि ते याच्या रिपोर्टमध्ये आले. कधी कर्जच घेतलं नाही म्हणून स्कोअर नाही, अशांनी मात्र घाबरू नये. त्याला थकबाकी म्हणत नाहीत.

तुमच्या रिपोर्टमध्ये त्या कार्डापुढे 'सेटल्ड' आहे की 'रिटन ऑफ' (बँकेने बुडीत धरलेलं), आणि बाकी रकमेच्या रकान्यात किती दाखवतंय, ते इथे लिहा. खाते क्रमांक टाकू नका. बँकेला द्यायच्या अर्जात काय लिहायचं ते मी सांगतो.