गोधडी शिवायची आणि कपडे अल्टरही करायचे, दोन्हीला चालेल असं भरवशाचं शिलाई मशीन कोणतं?

तुम्ही लिहिलंय की 80 प्रकारचे टाके मारणारं मशीन मनात भरलंय. नका घेऊ. माझ्याकडे तसलंच होतं, थोरल्या जाऊबाईंनी पसंत केलेलं. त्या 80 टाक्यांपैकी मी चारच वापरले: सरळ टीप, झिगझॅग, काज आणि एकदा हौस म्हणून बदकांची रांग.

त्या मशीनवरची पहिली गोधडी जाऊबाईंच्याच नातवासाठी घेतली. वर तुकडे जोडलेलं कापड, मधे जाड भर, खाली अस्तर. आडव्या टिपा छान आल्या. उभ्या मारायला लागले तर जिथे जिथे टीप टिपेला छेदते तिथे वरचं कापड पुढे सरकून चुणी पडायला लागली. उसवलं, पुन्हा मारली, पुन्हा चुणी. रात्री दोन वाजता हात टेकले आणि तशीच दिली. जाऊबाईंनी चारचौघांत त्या चुणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "मशीन चांगलंच आहे गं, हात बसायला हवा." नातू आता माझ्याहून उंच झालाय, पण गोधडीचा विषय निघाला की ते वाक्य येतंच.

कारण मला फार उशिरा कळलं. मशीनचे दाते, म्हणजे सुईखाली कापड पुढे सरकवणाऱ्या दातेरी पट्ट्या, फक्त खालचं कापड ओढतात. वरचं कापड फूटखाली, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पायाखाली, घासत मागे पडतं, आणि तीन थर असले की हा फरक टिपेगणिक साचत जातो. त्यावर उपाय म्हणजे वॉकिंग फूट, त्याला स्वतःचे दाते असतात आणि तो वरचा थरही सोबत चालवतो. शिवाय फूटचा दाब कमी करता यायला हवा. माझ्या मशीनवर दाब बदलायची सोयच नव्हती आणि त्याला बसेल असा वॉकिंग फूट मला मिळाला नाही. सुई आणि उजवीकडचा खांब यांत जेमतेम वीतभर जागा, त्यात अख्ख्या गोधडीची गुंडाळी कोंबायची. बदकं मात्र सुरेख यायची.

मग एक दिवस जीन्स आखूड करायला घेतली. जीन्सची दुमड एरवी 3 पदरांची असते, पण दुहेरी टिपेच्या शिवणीपाशी तेच 12 होतात. तिथे कर्रकन आवाज झाला. मोटार फिरतेय, सुई जागची हलत नाही. दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवलं: आतला गिअर प्लॅस्टिकचा होता आणि त्याचे दात उडाले होते.

त्यानंतर मी जुनं, लोखंडी, सरळ आणि झिगझॅग एवढंच येणारं मशीन घेतलं. आजवर तेच चालू आहे. महिन्यातून एकदा खालचा कचरा झाडायचा, मशीनचंच तेल दोन थेंब, बाकी काही नाही. तेव्हा कंपनीचं नाव विचारू नका, मशीन बघायला जाताना जीन्सची कापलेली दुमड आणि गोधडीचा तीन थरांचा तुकडा सोबत न्या. दुकानदार पातळ सुती चिंधीवर टीप मारून दाखवेल, त्यावर जाऊ नका. शिवणीच्या उंचवट्यावर हाताने चाक फिरवून सुई आरपार जाते का पाहा. गोधडीवर हाताने हवी तशी वळणाची टीप मारायला दाते खाली पाडता येतात का, फूटचा दाब बदलतो का, पँटची मोहरी आणि बाही घालायला फ्री आर्म आहे का, एवढं विचारा.

लोखंडी मशीन जड असतं, रोज उचलून कपाटात ठेवायचं असेल तर पाठ आधी विचारात घ्या. फक्त सरळ टिपेचं असेल तर टी-शर्टसारख्या ताणणाऱ्या कापडाची टीप तटकन तुटते, म्हणून झिगझॅग हवंच. आणि सगळीच कॉम्प्युटराइज्ड मशीनं वाईट नसतात. मोठ्या जागेची, खास गोधडीसाठीची असतात, ती उत्तम चालतात.

सुईबद्दल सांगायचं राहिलं. गोधडीला 90 नंबरची, जीन्सला त्याहून जाड 100 नंबरची, टी-शर्टला गोलसर टोकाची बॉलपॉइंट. त्या पहिल्या गोधडीला मी मशीनसोबत आलेलीच सुई कित्येक महिने वापरत होते. थरही नीट टाचले नव्हते, चार कोपऱ्यांना चार टाचण्या, बस्स. म्हणजे हात बसायला हवा हे अगदीच काही... असो. गिअरचे दात माझ्या हाताने पडले नाहीत.