गुरू खरंच रडत होते का?

"ते खरंच रडत होते का, एवढंच सांगा." आपल्या धर्मगुरूंचा माफीचा व्हिडिओ मागे-पुढे करत एक भक्त बाई मला डोळे पुसतानाचा क्षण दाखवत होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) एका अनुयायी तरुणीने या गुरूंवर शोषणाचा आरोप केला होता. आधी साफ इन्कार झाला आणि संदेश बाहेर आल्यावर ही माफी आली.

चेहरा पाहून मलाही ते कळणार नाही, असं मी सांगितलं. बाँड आणि डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये घेतलेल्या संशोधन-आढाव्यात खरं-खोटं ओळखणारे सरासरी ५४ टक्के वेळाच बरोबर ठरले होते. नाणं उडवलं तरी ५० टक्के जमतं! शिवाय रडू खरंही असेल. पकडलं गेल्याचं दुःख काही खोटं नसतं. अमेरिकेतले टीव्ही-प्रवचनकार जिमी स्वॅगर्ट १९८८ मध्ये वेश्येसोबतच्या प्रकरणानंतर हजारोंसमोर ढसाढसा रडले. वर्षभर प्रवचन थांबवण्याचा चर्च-संघटनेचा आदेश मात्र त्यांनी मानला नाही आणि १९९१ मध्ये ते पुन्हा तसेच सापडले.

मग आम्ही फोन उलटा ठेवून फक्त आवाज ऐकला. बाई कागदावर लिहीत गेल्या. भक्तांची माफी होती, संस्थेची होती. त्या तरुणीचा उल्लेखच नव्हता. कबुली होती ती उघड झालेल्या संदेशांपुरतीच. पद सोडण्याबद्दल अवाक्षर नाही, उलट पुढच्या प्रवचनांचं निमंत्रण. चौकशी कोण करणार, असं मी विचारलं.

"विश्वस्त."

"ते कोण?"

"त्यांचे मेहुणे," म्हणताना त्यांना स्वतःलाच हसू आलं.

माझ्या मते इथेच निवाडा बराचसा होतो. मनातला पश्चात्ताप आपल्याला मोजता येत नाही. पण पद सोडलं का, बाहेरच्यांना चौकशी करू दिली का, तक्रारदाराला त्रास देणाऱ्या भक्तांना आवरलं का, हे दिसतं.

खरा प्रश्न नंतर आला. "मग माझी इतक्या वर्षांची प्रार्थनाही खोटीच?" मी विचारलं, प्रार्थना कोण करत होतं? त्या बराच वेळ रडल्या. ते रडू तपासायची गरज नव्हती.

सध्या त्यांनी देणगी थांबवली आहे आणि बाहेरच्या चौकशीची मागणी करणारं पत्र विश्वस्तांना पाठवलं आहे. सत्संगाला जायचं की नाही, हे त्यांचं अजून ठरत नाहीये. त्याची मला घाई वाटत नाही.