नेरळजवळच्या वीकेंड बंगल्यात स्विमिंग पूल बांधावा का? महिन्याचा खर्च किती येतो?

तुम्ही लिहिलंय की ८ बाय ४ मीटरच्या पूलसाठी १२ लाखांचं कोटेशन आलंय, बंगल्यावर महिन्यातून दोनदा जाणं होतं आणि नातवंडांना फार हौस आहे. मी कर्जत-नेरळ पट्ट्यात पूलच्या देखभालीचंच काम करतो, म्हणून बांधून झाल्यावर काय होतं तेवढं सांगतो.

कोटेशनबद्दल थोडक्यात. त्यात १८ टक्के जीएसटी धरलाय का, खोदताना कातळ लागला तर ब्रेकरचे पैसे कोणी द्यायचे आणि भोवतालची फरशी, पंपरूम त्यात आहे का, हे लेखी घ्या. टाइल्स लावण्याआधी टाकी भरून आठवडाभर पातळी तपासायला लावा. गळती टाइल्सनंतर सापडली तर सगळं उखडावं लागतं.

आता खरा खर्च. सरासरी सव्वा मीटर खोली धरली तर तुमच्या पूलमध्ये ४०,००० लिटर पाणी मावेल, म्हणजे १०,००० लिटरचे चार टँकर. हे एकदाच भरायचं असतं, पण एप्रिल-मे मध्ये रोज ५-६ मिलिमीटर पाणी उडून जातं. तुमच्या आकाराला ते महिन्याला ५,००० लिटरच्या आसपास होतं. शिवाय बॅकवॉश. वाळूचा फिल्टर उलटा धुताना व्हॉल्व्हवरच्या काचेत आधी गढूळ पाणी दिसतं, दोन-तीन मिनिटांनी ते स्वच्छ होतं. तेवढ्यात चार-पाचशे लिटर गटारात गेलेलं असतं, आणि हे दर आठवड्याला करावं लागतं. उन्हाळ्याच्या त्याच दिवसांत आजूबाजूच्या वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, हेही मनात असू द्या. बोअरचं पाणी वापरणार असाल तर आधी तपासून घ्या. लोह असेल तर क्लोरीन टाकताच पाणी तांबूस होतं आणि टाइल्सवर डाग धरतात.

एक एचपीची मोटर रोज सहा तास चालवली तर महिन्याला १५०-१८० युनिट जातात. बंद बंगल्याचं बिल आज पहिल्या स्लॅबमध्ये बसत असेल, ते वरच्या स्लॅबमध्ये जाईल. वीज वाचवायला बरेच मालक मोटर फक्त शनिवारी लावायला सांगतात. उन्हाळ्यात चार दिवस पाणी फिरलं नाही की ते हिरवं होतं. मग क्लोरीनचा शॉक, म्हणजे एकदम मोठा डोस द्या, तळ व्हॅक्यूम करा, पाणी परत भरा. वाचवलेल्या विजेपेक्षा यात जास्त जातं.

आमच्याकडचा आजचा अंदाज असा: आठवड्यातून तीनदा येणाऱ्या माणसाचे सहा-सात हजार, केमिकल आणि वीज प्रत्येकी दोन हजार, उन्हाळ्यात पाणी वेगळं. मोटरचं सील, दिवे, ग्राउट (टाइल्सच्या फटींतलं भरण), चार-पाच वर्षांनी फिल्टरची वाळू यांसाठी महिन्याला दोन हजार बाजूला ठेवा. म्हणजे १२-१३ हजार. तुम्ही महिन्यातून दोनदा जाता, तेव्हा एका खेपेचे सहा हजारांवर. त्यात १२ लाख धरलेलेच नाहीत. ते बँकेत ठेवले असते तर व्याज आलं असतं. एवढ्या पैशांत दर खेपेला जवळच्या रिसॉर्टचा डे पास घेऊन नातवंडांना मनसोक्त पोहता येईल. माझं पोट पूलवरच चालतं, तरी मी तुमच्या जागी हेच करीन.

बंगला भाड्याने देऊन खर्च भरून काढायचा विचार असेल तर वापर व्यावसायिक धरला जातो का, ते महावितरण आणि ग्रामपंचायतीकडे आधी विचारा. पाहुण्यांच्या गर्दीने क्लोरीनही झपाट्याने संपतं.

पावसाळ्यात पूल रिकामा ठेवून खर्च वाचेल, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. इकडे जुलैत जमिनीतलं पाणी इतकं वर येतं की रिकामी टाकी खालून उचलली जाऊन तडकू शकते. त्या चार महिन्यांतही पूल भरलेलाच ठेवायचा आणि मोटर चालवायची.

तरीही बांधायचाच असेल तर ५ बाय ३ मीटरचा, साडेतीन फूट खोलीचा बांधा. पाणी निम्म्याहून कमी लागेल. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचेच घ्या, मोटरच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) बसवा आणि पूलभोवती आपोआप बंद होणाऱ्या फाटकाचं कुंपण पहिल्याच कोटेशनमध्ये धरा. घरात लहान मुलं आहेत, कुंपणाशिवाय टाकीत पाणी भरू देऊ नका.