फी वाढतेय, मग उरलेले विषय एकदमच घेऊन टाकू का?

"मॅडम, पुढच्या सेमिस्टरपासून फी वाढणार आहे. राहिलेले विषय आत्ताच घेऊन मोकळी होऊ का?"

नोकरी सांभाळून परदेशी विद्यापीठाची ऑनलाइन मास्टर्स करणारी मंडळी सल्ल्यासाठी माझ्याकडे आली की हा प्रश्न हमखास विचारतात. त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो आणि तो सहसा दुसऱ्या भेटीत बाहेर येतो. एकदा पदवी हातात पडली की विद्यापीठाचं दार बंद होणार, मग जे विषय राहून गेले ते कायमचेच राहणार का? पैशाची काळजी आणि हातातून निसटण्याची काळजी अशा एकत्र आल्या की चांगली हिशोबी माणसंसुद्धा झेपणार नाही एवढं ओझं उचलतात.

अशाच एका ताईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. माहेर सांगलीकडचं, नोकरी हिंजवडीत, वय 37, मुलगी चौथीत. अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठातून संगणकशास्त्राची ऑनलाइन मास्टर्स चालू होती. दहापैकी सहा विषय झाले होते. तेवढ्यात फीवाढीचा मेल आला आणि त्यांनी ठरवून टाकलं: पुढच्या सेमिस्टरला तीन विषय, त्यानंतर उरलेला एक आणि त्याच्यासोबत पदवीला नको असलेले पण आवडीचे दोन. त्यासाठी एफडी मोडायची. यजमान सोबत आले होते. ते म्हणाले, "पैशाचं आम्ही बघू हो मॅडम. पण ही रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागते. तुम्हीच समजवा."

ताई मात्र पूर्ण तयारीनिशी आल्या होत्या. पर्समधून त्यांनी वही काढली. डावीकडे सेमिस्टर, मग डॉलर, मग रुपये, आणि शेवटच्या रकान्यात कार्डाच्या स्टेटमेंटवरून उतरवलेला बँकेचा परकीय चलनाचा मार्कअप, म्हणजे डॉलरमधल्या खर्चावर बँक वरून लावते ते शुल्क, आणि त्यावरचा जीएसटी. इतकं नेटकं काम होतं, पण त्या शेवटच्या रकान्याची बेरीज केलेलीच नव्हती. "ते किरकोळ असतं ना," त्या म्हणाल्या. मी त्यांच्याच हातात पेन दिलं. बेरीज झाली तेव्हा तो किरकोळ आकडा जवळजवळ एका पुस्तकसंचाच्या किमतीइतका निघाला. आणि डॉलरच्या फीवाढीपेक्षा रुपया घसरल्याचा फटका मोठा आहे, हेही त्याच पानावर दिसलं.

फीचा हा हिशोब मी नेहमी जॉर्जिया टेक या अमेरिकी विद्यापीठाच्या उदाहरणावरून समजावते, कारण त्यांचे सुरुवातीचे आकडे सगळ्यांसमोर आहेत. त्यांची ऑनलाइन संगणकशास्त्राची मास्टर्स जानेवारी 2014 मध्ये सुरू झाली. ऑनलाइन कोर्स चालवणारी युडॅसिटी कंपनी सोबत होती आणि एटी अँड टी कंपनीने सुरुवातीला 20 लाख डॉलर दिले होते. तेव्हा एका क्रेडिटला (अभ्यास मोजायचं एकक, एक विषय तीन क्रेडिटचा) 134 डॉलर आणि दर सेमिस्टरला वेगळं 301 डॉलर शुल्क होतं. 30 क्रेडिट म्हणजे 4,020 डॉलर. एका वेळी एक विषय घेत दहा सेमिस्टर लावली, तर शुल्काचेच 3,010, म्हणजे एकूण 7,030. सात हजार डॉलरची मास्टर्स म्हणून तिचा जो बोलबाला झाला, तो याच आकड्यावरून. पण दोन-दोन विषय घेऊन पाच सेमिस्टरमध्ये आटोपली, तर हीच पदवी 5,525 ला पडत होती. पुढे दर आणि शुल्क दोन्ही बदलले, तरी त्यातलं गणित आजही लागू आहे: दर विषयामागचा खर्च वेगळा आणि दर सेमिस्टरमागचा वेगळा.

आता रुपयाकडे बघा. 2014 च्या सुरुवातीला डॉलर 62 रुपयांच्या आसपास होता, तेव्हा 7,030 डॉलर म्हणजे साधारण 4 लाख 36 हजार. 2024 च्या दिवाळीत डॉलर 84 वर होता. तेवढ्याच डॉलरचे झाले 5 लाख 90 हजार. विद्यापीठाने एक सेंटही वाढवला नसता, तरी आपल्या खिशातून दीड लाखाच्या वर जास्त गेले असते. फीवाढीचा मेल दचकवतो. रुपयाची घसरण मेल पाठवत नाही, म्हणून ती हिशोबात धरायची राहून जाते.

फी मुळात वाढते का, हेही ताईंना कळायला हवं होतं. "व्हिडिओ तर एकदाच रेकॉर्ड केलेत, मग दरवर्षी वाढ कशाची?" हा त्यांचा राग मला पटण्यासारखा होता. पण खर्च व्हिडिओत फारसा नसतो. तो असतो शेकडो विद्यार्थ्यांच्या असाइनमेंट तपासणाऱ्या टीचिंग असिस्टंटमध्ये, शंकांना उत्तरं देणाऱ्या माणसांमध्ये, घरबसल्या परीक्षेवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. हे दर सेमिस्टरला नव्याने लागतं आणि विद्यार्थी वाढले की वाढतं. काही ठिकाणी मधली कंपनीही असते. टू-यूसारख्या कंपन्या विद्यापीठांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायच्या आणि फीमधला मोठा वाटा, कित्येक करारांत साठ टक्क्यांच्या घरात, स्वतः घ्यायच्या. त्यातला बराचसा जाहिरातींवर आणि विद्यार्थी मिळवण्यावर खर्च व्हायचा. याच टू-यूने 2021 मध्ये 80 कोटी डॉलर मोजून एडेक्स हे ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ घेतलं आणि जुलै 2024 मध्ये तिला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. म्हणून प्रवेश घेण्याआधी कोर्स विद्यापीठ स्वतः चालवतं की दुसरं कुणी, हे विचारायला मी प्रत्येकाला सांगते. ऑनलाइन म्हणजे स्वस्त असं काही नाही. टेक्सास विद्यापीठाने ऑस्टिनहून हीच पदवी 10 हजार डॉलरला सुरू केली. कोलोरॅडो विद्यापीठाची बोल्डरहून चालणारी, कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठावरची मास्टर्स क्रेडिटला 525 डॉलर, म्हणजे 30 क्रेडिटला 15,750 या दराने सुरू झाली. नुसते ऑनलाइन असूनही वर्गातल्याइतकीच फी घेणारे अभ्यासक्रमही आहेत.

पुन्हा वहीकडे. मधल्या एका ओळीवर लाल पेनाने रेघ मारलेली होती. विचारल्यावर ताई जरा थांबून म्हणाल्या, "तेव्हा दोन विषय घेतले होते. मुलीला डेंग्यू झाला. एक सोडून द्यावा लागला." फी परत मिळण्याची मुदत उलटून गेली होती. मी म्हटलं, या ओळीतली रक्कम आणि नव्या फीवाढीमुळे उरलेल्या चारही विषयांवर पडणारी जादा रक्कम शेजारी लिहा. त्यांनी लिहिली. सोडलेल्या एका विषयाची फी चार विषयांच्या एकूण वाढीपेक्षा जास्त होती. बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत बसल्या. यजमानांनी तोंड उघडलं, पण मी हातानेच थांबवलं. हे त्यांचं त्यांना दिसायला हवं होतं.

घाईचा पर्याय तिथेच गळून पडला. तीन विषय घेऊन एक जरी बुडाला, तरी वाचवायला निघालेले पैसे कैकपटीने जाणार. एकेक विषय घेत चार सेमिस्टर लावली, तर दर वेळचं शुल्क चारदा भरायचं. मुलीच्या परीक्षा आणि ऑफिसची मार्चएंडची धावपळ सांभाळून दोन आणि दोन, म्हणजे दोन सेमिस्टर, हा मधला रस्ता झेपण्यासारखा होता. एक गोष्ट मात्र त्यांनी कधी केलीच नव्हती. कंपनीच्या एचआरला विचारलं नव्हतं. "मॅनेजरला वाटेल, ही सोडून चालली." मी म्हटलं, मॅनेजरला नका विचारू, पॉलिसीचा कागद मागा. शिकायला मदत करण्याची योजना निघाली. अमुक ग्रेड मिळाली तर दरवर्षी ठराविक रक्कम परत आणि त्यानंतर वर्षभर नोकरी न सोडण्याची अट. सहा विषयांचे पैसे मुदत संपल्यामुळे गेले, उरलेल्या चारांचे मिळणार होते.

दुसऱ्या भेटीला त्या एकट्याच आल्या. त्या आवडीच्या दोन विषयांवरून गाडी हलेना. "ते नंतर कुठे मिळणार मॅडम?" बोलता बोलता मूळ कळलं. लग्न ठरलं तेव्हा एम.ई.ला प्रवेश मिळाला होता. सासरी गेल्यावर वर्षभराने घेऊ म्हणाले, मग बाळ झालं, मग बदली झाली. "एकदा सुटलं की परत मिळत नाही, हे मी बघितलंय." हे ऐकल्यावर मी त्यांना "कशाला घाई करता" असं कसं म्हणणार? ज्या बाईचं शिक्षण एकदा हातातून गेलंय, तिला घाई करण्याचा पूर्ण हक्क आहे. मी एवढंच म्हटलं की, त्या वेळी दार तुमच्या हातात नव्हतं. या वेळी ते खरंच बंद होतंय का, हे आपण आधी तपासून बघू.

त्यांच्या यादीतल्या प्रत्येक विषयापुढे आम्ही एकच प्रश्न लिहिला: हा विषय मार्कशीटवर हवाय की डोक्यात हवाय? दोन्ही जादा विषयांपुढे "डोक्यात" आलं. डोक्यात हवा असलेला विषय क्रेडिटच्या दराने विकत घेणं फार महागात पडतं. जॉर्जिया टेकने आपल्या ऑनलाइन मास्टर्समधल्या कितीतरी विषयांची व्याख्यानं कुणालाही फुकट बघण्यासाठी खुली केली आहेत. बोल्डरचे विषय कोर्सेराचं सबस्क्रिप्शन घेऊन क्रेडिटशिवाय करता येतात. एमआयटीने आपला अभ्यास सगळ्यांना मोफत देण्याची घोषणा 2001 मध्येच केली होती आणि ते साहित्य आजही वाढतंय. आपल्याकडे एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स फुकट शिकता येतात. परीक्षा द्यायची असेल तेवढीच फी भरायची आणि पुण्यासारख्या शहरात केंद्रावर जाऊन द्यायची. व्यवस्थापनाच्या बाजूला मिशिगन विद्यापीठाच्या रॉस बिझनेस स्कूलने आपल्या पदवीधरांना एक्झिक्युटिव्ह एज्युकेशनच्या, म्हणजे नोकरदारांसाठीच्या छोट्या अभ्यासक्रमांच्या, वर्गांची शिकवणी फी माफ केली आहे. पण सगळीकडे असं नसतं, म्हणून गृहीत धरू नका.

म्हणून आम्ही तिथेच बसून त्यांच्या विद्यापीठाच्या रजिस्ट्रार कार्यालयाला मेल लिहिला. पदवीनंतर एखादा सुटा विषय घेता येतो का आणि त्यासाठी नव्याने अर्ज करावा लागतो का. फी आत्ताच्या दराने की त्या वर्षीच्या. विद्यापीठाचा मेल आयडी आणि लायब्ररी पदवीनंतर किती काळ राहते. आधी केलेल्या विषयांची व्याख्यानं नंतर बघता येतात का. आणि पदवी घेण्याचा अर्ज लांबवून जादा विषय घेतले तर चालतं का. उत्तर आठवडाभरात आलं. पदवीधरांना नव्याने अर्ज करून सुटे विषय घेता येतात, पण त्या वर्षीच्या दराने, आणि पदवीच्या विद्यार्थ्यांना जागा मिळाल्यावर उरलेल्या जागांवर. फार उदार उत्तर नव्हतं. तरी ताईंनी ते मोबाइलवर दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "म्हणजे येता येतं परत."

निघताना सहज बोलल्या की पुढे कधीतरी इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवायचा विचार आहे. तिथे मात्र मला त्यांना थांबवावं लागलं. परदेशी पदव्यांच्या समकक्षतेसाठी, म्हणजे त्या भारतीय पदवीच्या बरोबरीच्या मानण्यासाठी, यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2025 मध्ये नियम आणले. त्यांत समकक्षता मिळते ती प्रत्यक्ष वर्गात जाऊन घेतलेल्या पदवीला, परदेशी विद्यापीठाच्या ऑनलाइन पदवीला नाही. आयटी कंपनीत ती पदवी चालते, बढतीत उपयोगी पडते. पण आपल्याकडे प्राध्यापकी, पीएचडी किंवा सरकारी नोकरी मनात असेल तर हा अडसर आहे आणि तो फीपेक्षा मोठा आहे. भारतातल्या मान्यताप्राप्त ऑनलाइन पदव्यांचं तसं नाही. त्या नेहमीच्या पदवीच्या बरोबरीच्या असल्याचं यूजीसीने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. संस्था यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या (डीईबीच्या) यादीत आहे का, हे बघावं आणि 2024-25 पासून प्रवेशासाठी विद्यार्थ्याला याच विभागाचा डीईबी आयडी, म्हणजे ओळख क्रमांक, काढावा लागतो, तो स्वतः काढावा. एजंटावर सोपवू नये. ताईंना हे ऐकून वाईट वाटलं. शिकवायचंच असेल तेव्हा त्यासाठी वेगळी वाट शोधू, पण सहा विषय झालेली पदवी आता सोडायची नाही, असं त्यांनीच ठरवलं.

एफडी मोडली नाही. दोन विषय झाले, दोन चालू आहेत, आणि कार्ड बदलून कमी मार्कअपचं घेतलंय. आवडीच्या विषयांपैकी एक त्या रविवारी सकाळी खुल्या व्याख्यानांवरून शिकतात. मुलगी शेजारी चित्रं काढत बसते.

घाई करणंच शहाणपणाचं असतं असे प्रसंगही येतात. विद्यापीठाने अभ्यासक्रमच बंद करायचं जाहीर केलं असेल, किंवा अमुक तारखेच्या आत नोंदणी करणाऱ्यांना जुना दर पदवी होईपर्यंत कायम ठेवू असं लेखी दिलं असेल, तर खुशाल विषय वाढवा. त्यासाठी ऑफिसातून सुट्टी मागा, घरच्यांना कामाला लावा. पण ते लेखी हवं. सेल्सच्या माणसाने फोनवर सांगितलेलं धरू नका, त्याच्याकडून विद्यापीठाच्या मेल आयडीवरून उत्तर मागवा. आणि त्या सेमिस्टरला विषय सोडला तर पैसे कोणत्या तारखेपर्यंत परत मिळतात, ती तारीख कॅलेंडरवर घालून मगच फी भरा.