नोव्हेंबरात सप्तर्षी दिसत नाहीत, मग उत्तर कशी ओळखायची?

प्रश्न : आमचं शेत मंद्रूपजवळ आहे. लाईट रात्रीची असल्यामुळं ज्वारीला दारं धरायला अंधारात जावं लागतं, मोबाईल बंद पडला की कुठला बांध कुठं तेच कळत नाही. आजोबा सप्तर्षींवरून ध्रुव शोधायचे, पण सध्या सप्तर्षीच दिसेनात. काय करावं? (एक वाचक, दक्षिण सोलापूर)

उत्तर : आजोबांचं अगदी बरोबर आहे हो, फक्त ती खूण वर्षभर संध्याकाळी चालत नाही. आपण आहोत साडेसतरा-अठरा अक्षांशावर, त्यामुळं ध्रुव पण तेवढाच अंश वर दिसतो, हात लांब करून वीत धरली तर वीतभरही नाही, आणि सप्तर्षी त्याच्याभोवती फिरताना खालच्या बाजूला आले की क्षितिजाखाली जातात. नोव्हेंबरात संध्याकाळी नेमकं तेच होतं. पहाटे चारला बघा, सातही ईशान्येला वर आलेले असतात, त्यातले क्रतू आणि पुलह (चौकोनाच्या शेपटीपासून लांबच्या बाजूचे दोन, क्रतू काठाचा आणि पुलह तळाचा) जोडून पुलहाकडून क्रतूकडं रेघ तशीच पुढं पाचपट न्या, ध्रुव सापडतो.

पण तुम्ही शेतात जाणार नऊ-दहाला, तेव्हा शर्मिष्ठा बघा. उत्तरेकडं तोंड केलं की पाच तारे इंग्रजी एमसारखे दिसतात, मधला कोन खाली वळलेला असतो, तिथून हात लांब करून साधारण तीन मुठी सरळ खाली या. तिथं एकटाच बेताचा तारा असेल तो ध्रुव. लोक सगळ्यात चकचकीत तारा म्हणजे ध्रुव धरतात आणि तिथंच फसतात, तो बऱ्याचदा शुक्र किंवा गुरू असतो.

तुमच्याकडं अजून एक अडचण आहे, सोलापूर शहर तुमच्या उत्तरेला, जरा पूर्वेकडं सरकून, म्हणजे ध्रुव बुटका आणि त्याच्याखाली शहराचा उजेड. धुरकट असेल तर दिसणारच नाही. अशा वेळी तो उजेडच खूण धरा, साधारण उत्तर तीच.

आणि माझा खरा भरवसा मृगावर आहे. नोव्हेंबरच्या मध्याला साडेआठच्या सुमारास मृगाच्या पोटातला बाण, ते ओळीतले तीन तारे, एकाखाली एक उभे उगवतात. त्यातला सगळ्यात वरचा जवळजवळ बरोब्बर पूर्वेला उगवतो आणि मावळतो पश्चिमेला, कुठल्याही गावातून बघा. उगवल्यावर तास-दीड तास पूर्व म्हणून खुशाल धरा, नंतर तो दक्षिणेकडं सरकत वर चढतो, मग त्याच्यावर विसंबू नका.

टॉर्च मात्र वीसेक मिनिटं बंद ठेवा, डोळे अंधाराला सरावले की बारीक तारे दिसायला लागतात. उन्हाळ्यात विचाराल तर मे महिन्याच्या मध्याला नऊ-सव्वानऊला त्रिशंकू, म्हणजे क्रूसासारखे चार तारे, खाली सरळ उभा असतो, ती दक्षिण.